काम चोख, तरी गिऱ्हाईक परत का येत नाही?

पत्र

नमस्कार ताई,

मी घरगुती उपकरणं दुरुस्त करतो. वॉशिंग मशीन, फ्रिज, पंखे, इस्त्री, जे येईल ते. हाताखाली दोन मुलं आहेत. आजवर कुणाला खोटा पार्ट लावला नाही, नसलेला बिघाड सांगून पैसे काढले नाहीत. तरीही गेल्या वर्षभरात जुनी गिऱ्हाइकं एकेक करून कमी झाली. भांडण नाही, तक्रार नाही. यायचीच बंद झाली.

त्यातल्या एक बाई फार जुन्या. त्यांच्या वॉशिंग मशीनचं बेअरिंग गेलं होतं. गुरुवारी देतो म्हणालो होतो, पण पार्ट वेळेवर आला नाही आणि मशीन सोमवारी दिलं. काम अव्वल झालं. बेअरिंगबरोबर सीलही नवं टाकलं. बिल बघून त्या म्हणाल्या, "एवढ्याशा पार्टचे एवढे?" आणि पैसे देऊन गेल्या. आता कळलं की त्यांनी फ्रिज दुसऱ्याकडे दुरुस्तीला दिला. त्या माणसाचं काम कसं आहे ते मला माहीत आहे.

दुसरा प्रकार असा. एकाचा रात्री फोन आला, फ्रिज बंद पडलाय, आत औषधं आहेत. मी उठून गेलो आणि रात्रीचं काम म्हणून दुप्पट मजुरी घेतली. त्याने इंटरनेटवर लिहिलं, "अडलेल्याला लुटतात." मी झोपेतून उठून गेलो, हे मात्र लिहिलं नाही.

लोकांना चांगल्या कामाची किंमत राहिली नाही का? मी सूट द्यायला लागू का? त्या लिहिण्याला उत्तर द्यावं का? आणि त्या बाईंना फोन करावा का, की ती लाचारी होईल?

– एक कारागीर

उत्तर

नमस्कार,

सूट देण्याचा प्रश्न आधी निकाली काढते. सूट देऊ नका. तुमची गिऱ्हाइकं भावामुळे तुटलेली नाहीत, तेव्हा भाव उतरवून ती परत येणार नाहीत. उलट जी टिकून आहेत त्यांना वाटेल, म्हणजे आजवर आपल्याकडून जास्तच घेत होते.

आता मूळ गोष्ट. तुम्ही विचारता, लोकांना चांगल्या कामाची किंमत राहिली नाही का. मला वाटतं किंमत आहे, पण तुमचं काम त्यांना दिसतच नाही. तुमच्या पत्रातल्या जवळजवळ प्रत्येक दुखण्याचं मूळ इथे आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

खुर्ची विकत घेतली तर माणूस तिच्यावर बसून बघतो. कापड हाताला कळतं. दुरुस्तीचं तसं नाही. मशीन उघडून आत काय केलं, हे गिऱ्हाइकाला काम होण्याआधी कळत नाही आणि झाल्यावरही कळत नाही. मशीन चालू झालं, इतकंच कळतं. बेअरिंग खरंच गेलं होतं की दुसरंच काही सैल होतं, नवा पार्ट पडला की जुनाच पुसून बसवला, हे पडताळून बघायला त्याच्या हातात काही नसतं. मायकेल डार्बी आणि एडी कर्नी या दोन अर्थतज्ज्ञांनी १९७३ साली अशा सेवांचा एक वेगळाच वर्ग मांडला. घेण्याआधी पारखता येत नाहीत, वापरूनही धड पारखता येत नाहीत, निव्वळ विश्वासावर घ्याव्या लागतात अशा सेवा. वैद्यकी आणि दुरुस्ती ही त्यांची नेहमीची उदाहरणं. त्या दोघांचा लेख मुळात फसवणुकीवरच होता, कारण जिथे पारख करता येत नाही तिथे फसवणं सर्वांत सोपं.

त्याआधी १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलं होतं. २००१ साली त्यांना विभागून नोबेल मिळालं, त्यामागे याच कामाचा मोठा वाटा होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. चांगली गाडी कुठली आणि रद्दी कुठली हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना एकच मधला भाव देऊ पाहतो. त्या भावात रद्दी विकणाऱ्याचं फावतं आणि चांगली गाडी असलेला बाजारातून अंग काढून घेतो. लबाडीचा फटका गिऱ्हाइकाला बसतोच, पण प्रामाणिक विक्रेत्यालाही तितकाच बसतो.

आता स्वतःला काउंटरच्या पलीकडे उभं करून बघा. त्या बाईंनी आयुष्यात कधी ना कधी लबाड दुरुस्तीवाला पाहिलेला असणारच. तोही म्हणाला असेल, "बेअरिंग गेलंय." तोही म्हणाला असेल, "गुरुवारी देतो." त्यानेही बिल देताना "कामच तेवढं होतं" असं सांगितलं असेल. तुमचे शब्द आणि त्याचे शब्द तंतोतंत सारखे. तुमच्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, त्यांना कसं कळणार? मग माणूस जे दिसतं त्यावरून ठरवतो. दिलेली तारीख पाळली का, पाळता येत नव्हती तर कळवलं का, बिल समजलं का, आणि विचारल्यावर उत्तर कसं मिळालं. ड्रमच्या आतलं काम नजरेआड असलं की बाहेरचं वागणं हाच त्याच्याकडचा एकमेव पुरावा उरतो. तुमच्याकडे पुरावा भरपूर आहे आणि तुम्ही तो रोज केरात टाकताय, म्हणून मला तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं.

त्या बेअरिंगचंच बघू. समोरून दार असलेलं मशीन असेल तर हे काम काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. ड्रमचा दांडा मागच्या बाजूला बेअरिंगमध्ये फिरतो आणि पाणी तिथवर जाऊ नये म्हणून पुढे एक सील असतं. सील झिजलं की पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, आतल्या गोळ्या गंजतात आणि कपडे पिळताना मशीन घरभर गर्जायला लागतं. बदलायचा पार्ट तळहातावर मावतो. पण तिथवर पोचायला वरचं झाकण, पुढची बाजू, दाराचं रबर, वजनाचे ठोकळे, मोटर, स्प्रिंगा, सगळं उतरवून अख्खा टब बाहेर काढायचा, तो फोडायचा, जुनं बेअरिंग ठोकून काढायचं, नवं सरळ बसवायचं आणि सगळं पुन्हा जोडायचं. काही मशीनचा टब तर सांधून बंदच केलेला असतो. पार्ट स्वस्त आणि मजुरी मोठी, हे या कामाचं स्वरूपच आहे.

त्या बाईंना यातलं काय दिसलं? एक कागद, त्यावर एक आकडा. "एवढ्याशा पार्टचे एवढे?" हा प्रश्न त्यांनी विचारला, म्हणजे त्या अजून तुमच्याशी बोलत होत्या. तो टोमणा नव्हता, खरोखरचा प्रश्न होता. त्यावर तुम्ही काय बोललात ते पत्रात नाही. मला वाटतं, तुम्ही काहीच बोलला नाहीत.

आता हेच दुसऱ्या तऱ्हेने झालं असतं तर? जुनं बेअरिंग एका पिशवीत घालून ठेवलेलं आहे. त्या आल्या की तुम्ही ते त्यांच्या हातात देता आणि म्हणता, बोटाने फिरवून बघा. ते अडखळतं, करकरतं, बोटाला तांबूस गंज लागतो. मग नवं बेअरिंग फिरवायला देता. ते आवाज न करता फिरतं. मग जुनं सील दाखवता, त्याची कड कुठे झिजली ते दाखवता, आणि सांगता की नुसतं बेअरिंग बदललं असतं तर याच सीलमधून पाणी जाऊन नवंही गेलं असतं, म्हणून दोन्ही बदललं. फोनवर काढलेला उघड्या टबचा फोटो दाखवता. या सगळ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. बिल तेच, पण आता त्या एवढ्याशा पार्टचे पैसे देत नाहीत, अख्खं मशीन उघडून परत जोडल्याचे देतात. सील बदलल्याचं तुम्ही मला पत्रात सांगितलंत. त्यांना सांगितलं होतंत का?

जुना पार्ट परत देणं ही सवय आजपासून लावून घ्या. गिऱ्हाईक म्हणालं "नको, टाकून द्या", तरी आधी दाखवा. लबाड माणसाला हे जमत नाही, कारण त्याच्याकडे दाखवायला जुना पार्ट नसतोच. त्याच्यात आणि तुमच्यात फरक कुठे आहे हे गिऱ्हाइकाला ओळखता येईल अशी ही जागा आहे. बिलावरही पार्टची किंमत वेगळी, मजुरी वेगळी, आणि मजुरीपुढे एका ओळीत काय केलं ते. "टब काढून, फोडून, बेअरिंग व सील बदलले." उघडून बघण्याचे पैसे घेत असाल तर मशीन ताब्यात घेतानाच सांगा. उघडल्यावर खर्च अंदाजाबाहेर जातोय असं दिसलं तर हात थांबवा, फोन करा, होकार घ्या आणि मगच पुढे जा. दुरुस्तीची हमी किती दिवसांची तेही लिहून द्या. ही सगळी एका चिठ्ठीवर मावणारी गोष्ट आहे.

आता गुरुवार ते सोमवार.

तुमच्या हिशेबात हा चार दिवसांचा उशीर आहे आणि त्याचं कारण खरं आहे, पार्टच आला नाही. मी तुम्हाला एक विचारते. पार्ट गुरुवारपर्यंत येत नाही हे तुम्हाला कळलं कधी? बहुतेक बुधवारी. बुधवारी संध्याकाळी तुमचा फोन गेला असता, "पार्ट अडकलाय, गुरुवारी होत नाही, सोमवारी नक्की," तर त्यांनी कपड्यांची काहीतरी दुसरी सोय केली असती. फोन गेला नाही, म्हणून त्या गुरुवारी वाट बघत बसल्या. कदाचित येऊनही गेल्या असतील आणि तुमच्या मुलांपैकी कुणी "अजून नाही झालं" एवढंच सांगितलं असेल. मग शुक्रवारी पुन्हा विचारायचं की नाही, हा त्यांच्यापुढे प्रश्न. आपल्याच वस्तूसाठी आपणच मागे लागायचं, हे कुणालाही नकोसं होतं.

व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली वाट बघण्याच्या मानसिकतेवर एक टिपण लिहिलं. किती वेळ लागला यापेक्षा तो वेळ कसा गेला, याला माणसाच्या मनात जास्त वजन असतं, असा त्याचा सूर. किती थांबायचं ते माहीत नसलं की वेळ लांबतो. का थांबायचं ते माहीत नसलं की आणखी लांबतो. आणि आपल्यामागून आलेल्याचं काम आधी झालेलं दिसलं, तर तो सोसवतच नाही. हे शेवटचं तुमच्याकडे होतंय का, हे जरा तपासा. छोट्या धंद्यात ओळखीचा माणूस मध्येच येऊन "माझं तेवढं लगेच बघ ना" म्हणतो आणि आपण भिडेखातर हातातलं काम बाजूला ठेवतो. ज्याचं बाजूला पडलं, ते बहुतेक न बोलणारं, सोशिक गिऱ्हाईक असतं. तुमच्याकडून गेलेली गिऱ्हाइकंही न बोलताच गेली, म्हणून हे लिहिते.

तारीख देताना गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून लवकरची देऊ नका. पार्ट हातात नसेल तर "गुरुवार" म्हणूच नका. "पार्ट आला की दोन दिवस. पार्ट कधी येतो ते मी तुम्हाला बुधवारी कळवतो." यात तुम्ही दोन शब्द दिलेत आणि दोन्ही पाळणं तुमच्या हातात आहे. बुधवारी पार्टचा पत्ता नसला तरी बुधवारी फोन करायचाच, "अजून पत्ता नाही" हे सांगायला. कळवण्यासारखं काही नाही म्हणून फोन न करणं ही धंद्यातली फार जुनी खोड आहे. गिऱ्हाइकाला बातमी नको असते, आपलं मशीन कुणाच्या तरी लक्षात आहे एवढं कळायला हवं असतं.

तुम्ही लिहिलंय, "भांडण नाही, तक्रार नाही." हे तुम्ही गिऱ्हाइकांच्या विरोधात लिहिलंय, जणू त्यांनी सांगायला हवं होतं. मला यात खरी धोक्याची खूण दिसते. अल्बर्ट हर्षमन या अर्थतज्ज्ञांनी १९७० साली नाराज गिऱ्हाइकापुढचे दोन मार्ग मांडले. एक, बोलणं. दुसरा, निघून जाणं. त्यांना हे सुचलं ते नायजेरियातल्या रेल्वेकडे पाहून. मालवाहतुकीला ट्रकचा पर्याय आला होता, स्पर्धा होती, तरी रेल्वे सुधारत नव्हती. स्पर्धेने सुधारायला हवी, असं आपण म्हणू. झालं उलटंच. ज्यांना चांगल्या सेवेची सर्वांत जास्त चाड होती, जे ओरडून कारभार सुधारायला लावू शकले असते, तेच आधी ट्रककडे गेले. मागे राहिले ते निमूट चालवून घेणारे. मग चूक कुठे होतेय हे सांगायला कुणी उरलंच नाही.

छोट्या धंद्यात हे आणखी लवकर होतं, कारण बोलणं इथे जास्त अवघड असतं. मोठ्या कंपनीला तक्रार करताना समोर चेहरा नसतो. तुमच्याकडे तक्रार करायची म्हणजे इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाला तोंडावर बोलायचं. त्यापेक्षा दुसरीकडे जाणं सोपं. म्हणजे त्या बाई बोलल्या नाहीत त्यात तुमच्याबद्दलचा संकोच होता, आदर होता, असंही मी म्हणेन. तेव्हा बोलायची वाट तुम्हीच उघडून द्यायला हवी. मशीन दिल्यावर आठवड्याने एक फोन. "आवाज येतोय का? पिळताना हलतंय का?" असं नेमकं विचारा. "सगळं ठीक ना?" असं विचारलं की माणूस "हो" म्हणून मोकळा होतो. नेमकं विचारलं की म्हणतो, "तसं चांगलं चाललंय, पण त्या दिवशी चार दिवस काही कळलंच नाही हो." हे एक वाक्य तुम्हाला वर्षभरापूर्वी कुणी ऐकवलं असतं, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

म्हणून त्या बाईंना फोन करा. यात लाचारी मुळीच नाही. लाचारी तेव्हा होईल, जेव्हा तुम्ही फ्रिज दुसऱ्याकडे का दिला असं विचाराल, किंवा त्या दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवाल. ते दोन्ही करू नका. फ्रिजचा विषयच काढू नका. एवढंच म्हणा, "तुमचं मशीन मी गुरुवारी देतो म्हणालो आणि सोमवारी दिलं. मध्ये कळवलंही नाही. ते चुकलं माझं. आणि बिलात मजुरी एवढी का लागली तेही मी तुम्हाला नीट सांगितलं नाही." मग दोन वाक्यांत काम काय होतं ते सांगा. मशीन कसं चाललंय विचारा. आणि फोन ठेवा. पुढच्या कामाचं बोलू नका, सवलत देऊ करू नका. माफीला लगेच सवलत जोडली की माफी कशासाठी होती तेच कळेनासं होतं.

तक्रार केलेल्या गिऱ्हाइकाला नेमकं काय हवं असतं, यावर स्टीफन टॅक्स, स्टीफन ब्राऊन आणि मुरली चंद्रशेखरन यांचा १९९८ चा अभ्यास आहे. माणूस तीन वेगवेगळ्या गोष्टी न्यायाच्या तराजूत घालतो, असं त्यात दिसतं. शेवटी पदरात काय पडलं, ते मिळायला किती यातायात पडली, आणि त्या सगळ्यात आपल्याशी कसं वागले. तुमचा सगळा जोर पहिल्या गोष्टीवर आहे, मशीन चोख करून दिलं ना. बाकीच्या दोन्हींत तुम्ही उणे पडलात.

त्या परत येतीलच असं वचन मी देत नाही. चूक झाल्यावर ती छान निस्तरली की गिऱ्हाईक आधीपेक्षा घट्ट होतं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी २००७ साली झाली, तेव्हा चित्र इतकं गोड निघालं नाही. निस्तरल्यावर समाधान वाढतं, पण परत येण्याचा इरादा त्या मानाने वाढलेला दिसत नाही. तरीही फोन करा. तो त्यांचा हक्क आहे.

रात्रीच्या कामाकडे येते. रात्री उठून गेलात याबद्दल मला तुमचा आदर वाटतो, आणि रात्रीच्या कामाची मजुरी जास्त असण्यातही काही गैर नाही. पण ती कधी सांगितलीत? फ्रिज चालू झाल्यावर? पत्रावरून मला तसंच वाटतंय.

डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९८६ साली लोकांना एक प्रसंग सांगितला. एक दुकानदार बर्फ उपसायची फावडी विकतो. मोठं हिमवादळ होतं आणि दुसऱ्या सकाळी तो फावड्याचा भाव एक तृतीयांशाने वाढवतो. हे न्याय्य आहे का? ८२ टक्के लोकांनी अन्याय्य म्हटलं. दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून त्याने भाव वाढवला, तर मात्र लोक ते समजून घेतात, हेही त्याच पाहणीत दिसलं. भाव वाढण्याला लोकांचा विरोध नसतो, आपल्या अडचणीवर भाव ठरला असं वाटलं की राग येतो. आत औषधं आहेत म्हणून घाबरलेल्या माणसाला काम झाल्यावर दुप्पट आकडा ऐकवला, तर त्याला हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशीचं फावडंच दिसणार. तुमच्या मनात तसं नसलं तरी.

रात्रीचा दर आजच ठरवा, आणि दिवसाच्या दराशेजारी भिंतीवर ठळक लावा. रात्री फोन आला की निघण्याआधी सांगा, आणि निवड त्याच्याकडे द्या. "औषधं आत्ता शेजारच्या कुणाच्या फ्रिजमध्ये ठेवता येतील का? तसं झालं तर मी सकाळी पहिलं तुमचंच काम करतो, मजुरी नेहमीची. आत्ताच यायला हवं असेल तर येतो, रात्रीची मजुरी दुप्पट आहे." असं विचारलं की त्याचा जीवही भांड्यात पडतो आणि तुमची झोपही वाचण्याची शक्यता आहे. त्याने तरी "आत्ताच या" म्हटलं, तर तो दर त्याने स्वतः कबूल केलेला असतो.

त्याच्या लिहिण्याला उत्तर द्या, पण आज नको. राग उतरू द्या. उत्तर लिहाल तेव्हा तो माणूस डोळ्यांसमोर ठेवू नका. ज्याचा फ्रिज अजून बिघडायचा आहे आणि जो तुमच्याकडे यायचं की नाही हे ठरवतोय, त्याच्यासाठी लिहा. मी असं लिहीन: "त्या रात्री जास्त मजुरी लागेल हे मी निघण्याआधी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. आता रात्रीचा दर दुकानात लावला आहे आणि फोनवर आधी सांगतो. तुमच्या फ्रिजला काही त्रास असेल तर कळवा." बस. झोपेतून उठल्याचा उल्लेख नको. तो त्याने करायचा असतो. आपण केला की उपकार काढल्यासारखं होतं. ओळखीपाळखीच्यांकडून चांगलं लिहून घेऊन तो वाईट अभिप्राय झाकायचा मोह मात्र टाळा. वाचणाऱ्याला त्याचा वास येतो, आणि तुमच्या प्रामाणिकपणाला ते शोभणारं नाही.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मी प्रत्येक गिऱ्हाइकाची बाजू घेते. तसं नाही. काम पूर्ण झाल्यावर कबूल केलेल्या आकड्यावर घासाघीस करणारे असतात. तुमच्या मुलांवर खेकसणारे असतात. त्यांना शांतपणे "आम्हाला तुमचं काम जमणार नाही" म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो अधूनमधून वापरायलाही हवा. फक्त त्या मोजक्या माणसांचा राग मनात धरून बाकीच्यांकडे बघू नका. तुमच्या पत्रात "लोकांना" हा शब्द जसा आलाय, त्यावरून मला तशी थोडी शंका येते.

शेवटी तुमच्या दोन मुलांबद्दल, कारण तुम्ही त्यांचा एका ओळीत उल्लेख केला आणि पुढे गेलात. तुम्ही कामावर बाहेर असता तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलतात ती तीच. त्यांना काय सांगता येतं? "मालक नाहीत, उद्या या" याखेरीज काही सांगायची मुभा त्यांना आहे का? एक वही ठेवा. प्रत्येक मशीनची एक ओळ. कधी आलं, काय झालंय, कशासाठी थांबलंय, गिऱ्हाइकाला शेवटचं कधी कळवलं. ती वही वाचून कुणालाही उत्तर देता आलं पाहिजे. छोट्या रकमेपर्यंत चूक जागच्या जागी निस्तरायची परवानगी त्यांना द्या, बसवलेला पार्ट हमीच्या मुदतीत गेला तर तुम्हाला न विचारता बदलून द्यायची. आणि ते चुकले तर गिऱ्हाइकासमोर झापू नका. पोरगं मालकाला घाबरलेलं असलं की गिऱ्हाइकापासून आधी लपवतं ती चूकच, आणि मग मशीन का थांबलंय ते पुन्हा कुणालाच कळत नाही. वहीतला "शेवटचं कधी कळवलं" हा रकाना दुकान बंद करताना त्यांच्यापैकी एकाने वाचून दाखवायचा, आणि ज्याच्यापुढे तो रिकामा असेल त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला स्क्रू फिरवण्याआधी फोन करायचा. हे काम तुम्ही स्वतःकडे ठेवू नका, त्यांना द्या. महिन्याभरात गिऱ्हाइकं त्यांना नावाने हाक मारायला लागतील.